सारिकाचे हात

शुक्रवार, जुलै

ते हात डोळ्यांसमोरून हलत नाहीत.

समुपदेशनाच्या प्रशिक्षणात आम्हा शिक्षकांना शिकवलं होतं, मुलांना काय जमत नाही ते विचारू नका, काय जमतं ते विचारा. म्हणून पासली गावच्या सारिकाला विचारलं. नववीतली, गेल्या वर्षापासून गप्प झालेली, डबासुद्धा न उघडणारी पोर. म्हणाली, "भाताची लावणी. माज्या बरुबरीनं कुनाचा हात चालत न्हाई." आणि हसली. खरंच हसली! मला इतका आनंद झाला की पालकसभेत तिच्या आईला सगळ्यांदेखत सांगून टाकलं. मूर्ख मी.

लावणी सुरू झाल्यापासून ती शाळेत नाही. इथे सावड असते. आज आमच्या खाचरात सगळे, उद्या तुमच्या. घरटी एक माणूस द्यायचं. एरवी आई जायची, यंदा सारिका. आज बांधावर गेले तर आई कौतुकानेच म्हणाली, "तुमीच म्हनला व्हता न्हवं बाई, पोरीच्या हातात गुन हाय? आता समदी तिलाच मागत्यात."

खोटं होतं का ते?

सारिका चिखलातून वर आली. बोटांची कातडी पांढरी पडून सोललेली. तिला जवळ बसवलं आणि पुन्हा तेच विचारलं. मला तरी दुसरं काय येतं?

"अजून काय छान जमतं गं तुला?"

तिने हात ओढणीखाली घेतले.

"कायबी न्हाई, बाई. मला कायबी येत न्हाई."