नऊ लोण

जयपूर, रविवार

आप्पा, तुमाला आणि आईला तुमच्या तेजूचा मनापासून जय भीम.

कबड्डी संघाच्या हिशेब खात्यात मी कायम झाले! कशी, ते ऐका.

आमचे प्रशिक्षक सांगलीचे. त्यांनी हंगामाच्या तक्त्यात इंग्रजीत 'लोण' लिहिलं, पुढं नऊ. कॉम्प्युटरला वाटलं, स्पेलिंग चुकलं. त्यानं आपणहून 'लोन' करून टाकलं! झालं, संघाच्या नावावर नऊ कर्जं. आमचे साहेब बँकेतून आलेले, खेळाचा गंध न्हाई. सकाळभर बँकांना फोन लावत व्हते.

मी तक्ता बघितला आणि फिसकन हसलेच. म्हटलं, "साहेब, समोरचा आख्खा संघ बाद केला की लोण चढतो. आपण नऊ चढवलेत!"

साहेबांनी हातातला फोन खाली ठेवला. "कुठं शिकलीस?"

"डिंगोऱ्याच्या मैदानात, माझ्या आप्पांकडं."

साहेबांनी त्याच दिवशी मला कायम केलं. आता शनिवारपासून सामन्याला मी प्रशिक्षकांशेजारी, लॅपटॉप घेऊन! माझा खेळ सुटल्यापासून तुमी नीट बोलला न्हाई, म्हणून हे पत्र आधी तुमाला.

पोरींचा सराव चालू ठेवलाय ना? आई ओतूरला डॉक्टरकडं जाऊन आली का?

जेवण बरं आहे. गुडघाही बरा आहे, ऑफिसात लिफ्ट आहे.

शनिवारी टीव्ही लावा. बाकाकडं जाताना मी जरा लंगडले, तर आईला म्हणा, तेजू ऐटीत चालती.

तुमचीच चढाईवाली,
तेजस्विनी