भाऊजींची पापणी आणि शिकाऊ कॅमेरा

दि. ३ फेब्रुवारी

चि. टिल्लूस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

इकडे सगळं क्षेम आहे असं लिहायला बसले होते, पण मग पत्र तिथेच संपलं असतं. तुझ्या भाऊजींच्या चष्म्याच्या दुकानाचा परवाना नव्याने घ्यायचाय आणि त्यावर नवा फोटो लागतो. आता नियम आलाय की फोटोत दोन्ही डोळे उघडे हवेत. स्टुडिओवाल्याने चार वेळा काढला. चारही वेळा हे असे बसलेत, जणू कोणी अंगाई म्हणतंय. परवाना कचेरीतल्या बाईंनी फोटो लांब धरून पाहिला आणि अगदी हळू आवाजात मला विचारलं, की कधी गेले? हे शेजारीच उभे होते.

तुला माहीतच आहे, ह्यांचा उघड्या डोळ्यांचा फोटो जगात नाही. आमच्या लग्नाच्या फोटोत फोटोग्राफरने मागाहून पापण्यांवर शाईने बुबुळं काढून दिली. त्यातलं एक माझ्याकडे बघतंय आणि एक दाराकडे. लेक लहान असताना विचारायची, की बाबा कुठे निघाले होते?

हसू नकोस. महिनाअखेर परवाना झाला नाही तर दुकानाला कुलूप. परवा दुकानात कोणी नव्हतं तर हे एकेक भिंग काढून पुसत बसले होते. सगळी आधीच पुसलेली.

म्हणून तू दिलेला तो शिकाऊ कॅमेरा मी कपाटातून काढला. म्हटलं, स्टुडिओवाला एकेक काढतो, आपण भराभर काढू, एकात तरी सापडतील उघडे. पण तुझा हा कॅमेरा खटखट करून चार-पाच काढतो आणि जेवण जड झाल्यासारखा बसून राहतो. लाल दिवा तेवढा लुकलुकतो. आणि खटखट चालू असेपर्यंत ह्यांचे डोळे घट्ट बंद. कॅमेरा थांबला रे थांबला की टक्क उघडे. वर मलाच विचारतात, आला का?

माझ्या नाकी नऊ आलेत. तुझं अर्धं आयुष्य पळणाऱ्या आणि उड्या मारणाऱ्या लोकांचे फोटो पेपरात देण्यात गेलं. एका जागी बसलेल्या माणसाचा कसा काढायचा तेवढं सांग. फोनवर नको, पुढचं ऐकेपर्यंत मी मागचं विसरते.

जेवणाच्या वेळा सांभाळ. ताईवर जीव आहे तेवढा असू दे, आणि उत्तर लगेच दे.

तुझी,
ताई


दि. ८ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र ऑफिसात उघडलं आणि चहा कीबोर्डवर गेला. भाऊजींना सांग, त्या बाईंवर रागावू नका. मीही तो फोटो पाहून दोन मिनिटं गप्प उभा राहिलो असतो.

आता नीट वाच. कॅमेऱ्याचा दोष नाही. तुझ्या स्वयंपाकघरातला ओटा डोळ्यांसमोर आण. कॅमेरा काढलेला फोटो आधी ओट्यावर ठेवतो आणि तिथून उचलून कार्डाच्या कपाटात लावतो. ओटा भरला की त्याचे हात थांबतात. तेव्हा फोटो हलके कर. मेनूत फोटोच्या दर्जाचं पान आहे. तिथे रॉ असेल ते काढ आणि जेपेग लाव. रॉ म्हणजे मुळं-मातीसकट आणलेली भाजी, जेपेग म्हणजे निवडून चिरलेली. कार्डही बदल. आत आहे ते तुझ्या लेकीच्या कॉलेजच्या दिवसांतलं, ते रमतगमत लिहितं. दुकानात भराभर लिहिणारं कार्ड माग. दुकानदार मोठं कार्ड गळ्यात मारायला बघेल, ऐकू नकोस.

फ्लॅश बंद कर. दर फोटोनंतर त्याला दम खावा लागतो. नॉईज रिडक्शन नावाची साफसफाई असते, तीही बंद. नाहीतर तो एकेक फोटो घासूनपुसून ठेवत बसेल. भाऊजी कुठे पळून जाणार नाहीत, तेव्हा एकदा फोकस लागला की लेन्सवरची कळ मॅन्युअलवर सरकव, म्हणजे दर वेळी तो त्यांना नव्याने शोधणार नाही. मागच्या पडद्यावर बघत काढू नकोस, वरच्या खिडकीला डोळा लाव. त्यांना दुकानाच्या दारात चांगल्या उजेडात बसव आणि शटरच्या वेगाचा आकडा दोनशे पन्नासाच्या वर ठेव. अंधारात शटरच सावकाश उघडझाप करतं, मग बाकी सगळं करून फायदा नाही.

एवढं झालं की एकावर एक चौकटी असलेल्या, म्हणजे सलग फोटोंच्या चिन्हावर लाव, बटण दाब आणि सोडू नकोस. माणूस आहे, कधीतरी डोळे उघडेलच.

भाऊजींना नमस्कार. माझ्यावरची माया कमी करू नकोस, टोमणे कमी केलेस तर चालतील.

तुझा,
टिल्लू


दि. १६ फेब्रुवारी

चि. टिल्लूस,
आशीर्वाद. वि. वि.

तू सांगितलंस ते सगळं केलं. कॅमेरा आता शिवणयंत्रासारखा चालतो, थांबायचं नाव नाही. तेवढ्यापुरती तुला शाबासकी.

ह्यांना दारात बसवलं आणि बटण दाबलं. पहिल्या खटक्याला डोळे मिटले ते मिटलेच. मी बटण दाबून धरलेलं, ह्यांनी डोळे मिटून धरलेले. समोरचा न्हावी दुकान सोडून बघायला आला. त्याच्यामागून अर्धी दाढी झालेलं गिऱ्हाईक आलं. दोघांनी पैज लावली. न्हावी माझ्या बाजूने होता. बोट बधिर झालं तरी मी हटले नाही. न्हावी मला धीर देत होता, गिऱ्हाईक ह्यांना. मग ह्यांची मान हळूच छातीवर आली.

टिल्लू, हे झोपले. कॅमेरा खडखडत असताना बसल्या जागी झोपले! कार्डातले फोटो भराभर पुढे सरकवले तर माणूस झोपी कसा जातो त्याचा सिनेमा दिसतो. न्हाव्याला त्या गिऱ्हाइकाची उरलेली दाढी फुकट करून द्यावी लागली.

जागे झाल्यावर विचारलं काय, तर आला का? मला रडू आलं. हसूही आलं, पण रडू आधी. मग बिचारे ओशाळले. म्हणाले, की मी मुद्दाम करत नाही गं, आवाज झाला की आत कोणीतरी पडदा ओढतं. आणि काल त्यांनी मला विचारलं, की पाटी आत्ताच उतरवून ठेवू का? चहा टाकू का विचारावं, तसं विचारलं. मला नाही बघवत.

काहीतरी सुचव. एरवी नको तिथे सुचत असतं तुला.

तुझी,
ताई


दि. १९ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

वरून काढ. स्टुलावर चढ आणि त्यांना वर बघायला सांग. वर बघताना पापणी आपोआप उचलली जाते. उंच उडीवाल्यांचे डोळे माझ्या फोटोंत उघडे असतात ते त्यामुळेच. कॅमेऱ्याचा पट्टा गळ्यात घाल, पडायला नको. स्टूल भक्कम घे. पाटी उतरवू देऊ नकोस.

घाईत आहे, तरी लोभ घाईतला नाही.

तुझा,
टिल्लू


दि. २ मार्च

चि. टिल्लू यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

अक्षर माझं आहे, मजकूर तुझ्या ताईचा. तिचा उजवा हात प्लास्टरमध्ये आहे. ती सांगते तसं लिहितो. कंसातलं माझं.

तुझं स्टूल तुझ्याच डोक्यात घालावंसं वाटतं, असं ती म्हणते. (स्टूल आमचंच होतं. एक पाय आखूड आहे हे मला माहीत होतं, सांगायचं राहिलं.) ती वर चढली, बटण दाबलं, ह्यांनी, म्हणजे मी, वर बघून डोळे मिटले. आणि स्टूल कलंडलं. पडतानाही तिने बोट उचललं नाही. (बोट अडकलं होतं, असं डॉक्टरांना सांगितलंय.) कार्डात तिचं पडणं क्रमाने आलंय: डोळे मिटलेला मी, छत, पंखा, डोळे तपासायचा अक्षरांचा तक्ता उलटा, न्हावी आडवा, मग पुन्हा मी, मग माझा तळहात, मग काळोख. त्या दुसऱ्या वेळी माझे दोन्ही डोळे टक्क उघडे आहेत. असा फोटो एकच आहे. ताई म्हणते, कॅमेरा पूर्वीसारखा रखडला असता तर तोही निसटला असता. तेव्हा स्टुलाबद्दल तुला माफी आणि जेपेगबद्दल आभार.

कचेरीतल्या बाईंनी डोळे उघडे असल्याचं मान्य केलं, पण हा माणूस वेगळा आहे म्हणाल्या. त्यांच्याकडच्या जुन्या सगळ्या कागदांवर मी मिटलेलाच. मला समोर बसवून डोळे मिटायला सांगितले. (मिटेनात. मुद्दाम मिटायची सवय नाही.) बाई पापणीकडे बघत, मी बाईंकडे बघत. शेवटी तुझ्या ताईने डाव्या हाताने त्यांच्या टेबलावरचा स्टेपलर खटकन दाबला. मिटले. बाईंनी जुना फोटो माझ्या कानाशी धरला, मान डोलावली आणि शिक्का मारला.

परवाना दुकानात लावलाय. गिऱ्हाइकं तो बघतात, मग मला बघतात आणि विचारतात, की एवढं काय पाहिलंत? (ही पडताना पाहिली, असं मी सांगतो. पुढे कोणी काही विचारत नाही.)

आता ती गोळी घ्यायला आत गेली आहे, तेव्हा कंस नको. काल मी तिला म्हटलं, आज तू बस, मी काढतो. कॅमेऱ्यात सगळं तू लिहिलंस तसंच लावलेलं होतं. बटण दाबून धरलं आणि कळलं, की कॅमेऱ्याच्या या बाजूलाही माझे डोळे मिटतात. त्यामुळे बहुतेक फोटो तिच्या शेजारच्या खिडकीचे आलेत. एकात ती आहे. प्लास्टरचा हात उंच करून मला काहीतरी ओरडून सांगते आहे आणि खळखळून हसते आहे. मी समोर होतो, पण हे मी पाहिलेलं नव्हतं.

तो फोटो सोबत पाठवतो. प्रेम राहू दे, पत्र येऊ दे, आणि फोटो तुझा बघून झाला की परत पाठव. माझा अजून झालेला नाही.

तुझे,
भाऊजी