मेमोची रिकामी चौकट

१२ जाने.
आईकडे तलासरीला. चिंचणीहून दोन गाड्या बदलून पोचेपर्यंत बारा. तीनला परत उठले, नाहीतर डहाणूची शेअर रिक्षा चुकते. आईने चहा टाकलाच होता. "निघालीस पण?" एकटी असते. दर वेळी हेच विचारते आणि दर वेळी माझं आतडं तुटतं.
आमच्या शेजारच्या नीलाबेनला स्कूटी विकायचीय. म्हणाली, "तने जोईए छे ने? तुला हवीय तर होळीपर्यंत कुणाला देत नाय." गाडी झाली की आईकडे दिवे लागेपर्यंत बसेन.

१५ जाने.
स्कूटीचे पैसे मोबाइलमध्येच आहेत! वर्षभर त्या अ‍ॅपवर मराठी वाक्यं वाचून रेकॉर्ड केली, त्याची क्रिप्टो नाणी मिळतात. "कोथिंबीर स्वस्त झाली आहे." "कृपया रांगेत उभे राहा." असली वाक्यं. आवाज नको म्हणून पंखा बंद, घामाच्या धारा. त्यात ह्यांचं काम दागिन्यांचे डाय, म्हणजे पोलादी ठसे, कोरायचं, दिवसभर घरात ठकठक. एक ठोका आला की अ‍ॅप वाक्य बाद करतं. म्हणून दुपारी हे लवंडले की मगच वाचायची मी. ह्या खटाटोपाचा ह्यांना पत्ताही नाही, नाणी जमलीत एवढंच माहीत.
नाणी विकायची कशी ते मला येत नाही. हे म्हणाले, "मी करतो, व्हिडिओ बघितलाय."
बघितलाय म्हणे.

१८ जाने.
गेली. सगळी.
नाणी विकायला दुसऱ्या कंपनीच्या अ‍ॅपवर पाठवावी लागतात. ह्यांनी पत्ता बरोबर टाकला. खाली मेमोची चौकट होती, तिथे कंपनीने दिलेला आपला नंबर टाकायचा. ती रिकामी सोडली. पत्ता सगळ्या गिऱ्हाइकांचा एकच असतो, नंबरावरून कळतं कुणाचं काय. चाळीचा पत्ता लिहिला आणि खोली नंबर नाही, तसं झालं. नाणी पोचली, पण कुणाची ते कोण सांगणार!
वर 'मॅक्स' दाबलं. एक नाणं मागे ठेवलं नाही.
मी बोलले. फार बोलले. "नवा डाय झाला की आधी शिशाच्या तुकड्यावर ठसा मारून बघता. सोन्याच्या पत्र्यावर कधी पहिला घाव घातलात? मग माझ्याच नाण्यांवर..."
हे रात्री जेवले नाहीत.

२० जाने.
कंपनीकडे तक्रार टाकली. ठरीव उत्तर आलं, तक्रार मिळाली म्हणून.
मोबाइलवरच्या नाणीवाल्यांच्या ग्रुपवर एक 'सपोर्टवाला' उपटला. वॉलेटचे, म्हणजे माझ्या नाण्यांच्या पाकिटाचे, बारा गुप्त शब्द द्या, लगेच परत आणतो. हे टाइप करायलाच बसलेले! मोबाइल हिसकावला. "आता घरही लिहून द्या त्याला!"
ह्यांचे डोळे भरले. "सुमन, मला वाटलं तू आईकडे जरा..."
कसली भांडते मी ह्या माणसाशी. पिठलं केलं, त्यांना आवडतं.

२९ जाने.
कंपनीचं खरं उत्तर. वॉलेट तुमचंच आहे हे दाखवा: त्यातूनच थोडी नाणी पुन्हा पाठवा, ह्या वेळी मेमोसकट. मग बघू. 'परत देऊ' नाही, 'बघू'.
वॉलेटमध्ये तर खडखडाट. मॅक्स!
म्हणजे पुन्हा कोथिंबीर. ह्यांना सगळं सांगितलं, पंखा, ठोके, दुपारचं वाचन.

३ फेब्रु.
सकाळी वाचायला बसले तर घर चिडीचूप. बाहेर डोकावले. हे ओट्यावर, हातोडी मांडीवर. मासळीवाली मावशी टोपली घेऊन आली, "बोंबीऽऽ" एवढंच निघालं तिच्या तोंडून, तर हे हात जोडून धावले.
"काय रे, कोण गेलं काय?"
"नाय गो मावशी, बायको वाचतेय."
हसू फुटलं, वाक्य बाद. पण बरं वाटलं खूप.
दुपारी शेटचा फोन, डाय का नाही झाला म्हणून. "उद्या देतो," म्हणाले. उद्याही मी वाचणारच आहे, तेव्हा...

११ फेब्रु.
थोडी नाणी जमली. त्यातली अर्धीच पाठवली. मेमोचा नंबर मी वाचला, ह्यांनी टाकला. मग ह्यांनी वाचला, मी ताडून बघितला.
"दाबू?"
"थांबा." पुन्हा एकदा.
"हं. दाबा."


१९ फेब्रु.
कंपनी: "मिळाले. तपासत आहोत." बस्स, एवढंच.
नीलाबेनकडे कुणीतरी गाडी बघून गेलं. "तुझं काय ते लवकर सांग बेन," म्हणाली. तिचंही खरंच आहे.
संध्याकाळी आईचा फोन. "ह्या खेपेला बसशील ना गं जरा?"
बसेन, असं अगदी ओठांवर आलं. म्हणाले, "बघू." त्या कंपनीसारखं.
हे ऐकत होते. हातोडी खाली ठेवली आणि ओट्यावर जाऊन बसले. मी पंखा बंद केला.