मालकाला घेऊन या

लाखनी,
गुरुवार, ६ मार्च २०२५

ती. ललिताताई यांना निर्मलाचा शि. सा. नमस्कार, वि. वि.

आज सकाळी सातला घरून निघालो. गाडी शेजारचा इश्वर चालवत होता. कारध्याच्या पुलाच्या अलीकडे गाडी बंद पडली. दोन तासांनी सर्व्हिस सेंटरचा ट्रक आला आणि गाडी उचलून घेऊन गेला. आम्ही एसटीने परत आलो.

तुम्ही नातीला, कामिनीला, घेऊन भंडाऱ्याच्या स्टँडवर वाट पाहत बसलात आणि तशाच सानगडीला परत गेलात, याची मला फार लाज वाटते. गुडघ्याच्या ऑपरेशनमुळे तुम्हाला मयतीला येता आले नाही. तुमच्या भाच्याने, अमरने, अर्ध्या अस्थी दहाव्याच्या आत पुलावरूनच सोडल्या, पण मामंजींच्या अस्थी अंभोऱ्याच्या संगमावर गेल्या तसे भय्यालाही तिथेच न्यायचे आणि ते माझ्यासमोर, असे तुम्ही कळवले होते. म्हणून उरलेल्या ठेवल्या. भावाला निरोप द्यायला तुम्हाला एवढा एकच दिवस होता, तो या गाडीने घालवला.

फोन करत नाही, रागावू नका. फोनवर ताईला निम्मे ऐकू येते आणि उरलेले निम्मे ती मनाने भरून गावभर सांगते, असे हे म्हणायचे.

गाडीला चौथेच वर्ष आहे. ह्यांची पहिलीही शार्दूल कंपनीचीच, ती सतरा-अठरा वर्षे चालली. बांधावरून गेली, तलावाच्या पाळीवरून गेली, एकदा तणसाचे भारे घेऊन गेली. भंडाऱ्याच्या जुन्या वर्कशॉपमधले मिस्त्री ह्यांना नावाने ओळखायचे, आधी चहा द्यायचे आणि मग बोनेट उघडायचे. त्या भरवशावर ह्यांनी ही दुसरी घेतली आणि निम्म्या लाखनीला घ्यायला लावली. इश्वरने ह्यांच्याच शब्दावर घेतली. त्याची महिन्यापासून दुकानासमोर उभी आहे. तिच्यावर कोंबड्या बसतात. तो मला काही बोलत नाही, पण आज पुलाजवळ उभे असताना तो म्हणाला की काकाजी असते तर म्हणाले असते, गाडी दमली असंन, जरा दम खाऊ दे.

सर्व्हिस सेंटरवाले दोन दिवसांत गाडी देतो म्हणाले आहेत. मिळाली की दिवस कळवते. तब्येतीला जपा.

तुमची,
निर्मला


सानगडी,
९ मार्च

चि. सौ. निर्मला हिला अनेक आशीर्वाद.

सौ. लिहून गेले. चाळीस वर्षांची सवय. मग खोडायला गेले तर हात धजला नाही. राहू दे.

तुझं पत्र वाचलं. मले स्टँडवर काही त्रास झाला नाही. कामिनीनं भजे खाऊ घातले. माझ्या शेजारी पवनीची एक बाई बसली होती, तिला मी सांगितलं की भाऊ येऊन राहिला आहे. मग ध्यानात आलं की आपण काय बोललो. ते जाऊ दे.

तुझ्या शार्दूलचं मात्र मले नवल नाही. इथे आमच्या बाजारात पोरं म्हणतात, शार्दूल गाडी, ढकलायला चार गडी. भय्या दिवाळीत आला होता तेव्हा कोणीतरी त्याच्या तोंडावर हे म्हटलं. असा चिडला की जेवणावरून उठला. म्हणे शार्दूलले नावं ठेवणाऱ्यानं आधी तिच्या चाकाजवळ बसायची लायकी आणावी. मी म्हटलं, बाबू, लग्नात बायकोची बाजू इतकी घेतली नव्हतीस. तर म्हणतो, तिला बाजू घ्यायची गरजच पडली नाही. आता हे तुला सांगून ठेवते, कारण तो तुला काही सांगणाऱ्यातला नव्हता.

पहिली गाडी विकू नको असं मी तेव्हाच सांगितलं होतं. जुनी गाय दूध देत होती, तिला विकून यानं काचेचं भांडं आणलं. पण कंपनीवाल्यांनी मोठं शोरूम केलं, दारात पोरी उभ्या केल्या, याला नमस्कार केला, गळ्यात हार घातला. भय्याला हाराचा लोभ लहानपणापासून.

आता एक गोष्ट नीट लिही. तू गाडीचं सगळं लिहिलं, इश्वरचं लिहिलं, कोंबड्यांचं लिहिलं. भय्याचं लिहिलं नाही. अस्थी घेऊन तू निघाली होतीस. त्या घरात आणता येत नाहीत, हे तुला मी सांगायला नको. एसटीत घेऊन बसलीस का? परत आल्यावर कोणत्या झाडाला टांगल्या? परसातल्या चिंचेला असतील तर मुंग्या चढतात, दोरीला हळद लाव.

माया आहे ती वाढवत राहा.

तुझी ताई,
ललिता


लाखनी,
१२ मार्च

ती. ताईंना शि. सा. नमस्कार.

चिंचेला टांगलेल्या नाहीत. ते गाडीतच आहेत.

तुमच्यापासून लपवायचे नव्हते. मागच्या पत्रात लिहायला बसले आणि लिहिता आले नाही. त्या दिवशी पुलाजवळ रस्त्याच्या कडेला एक हॉटेल तेवढे होते. लाल फडक्यात बांधलेला तांब्या मी डिकीत ठेवला होता. एकदा निघाल्यावर तो खाली टेकवायचा नाही, आणि हॉटेलात लोक जेवत होते, तिथे नेणार कसा? ट्रकवाला म्हणाला, तासाभराचे काम आहे बाई, दुपारपर्यंत गाडी तुमच्या दारात. मी विचार केला की ह्यांची स्वतःची गाडी आहे, यापेक्षा योग्य जागा कोणती. म्हणून काढला नाही. तासाभराचा शब्द मी खरा धरला. ताई, चाळीस वर्षे ह्यांच्यासोबत राहून शार्दूलवाल्यांवर भरवसा ठेवायची सवय मलाही लागली होती.

शनिवारी मी एकटी गेले. जुने वर्कशॉप आता नाही. नवीन काचेचे आहे, आत थंडगार, भिंतीवर टीव्ही. टेबलाशी बसलेल्या मुलीने नंबर विचारला. मग म्हणाली की गाडीचा सुटा भाग बाहेरून यायचा आहे, कधी येईल ते सिस्टीममध्ये दिसत नाही. मी म्हटले, गाडी राहू द्या, मला डिकीतली फक्त एक पिशवी हवी आहे. ती म्हणाली, गाडी वॉरंटीत आहे, कंपनीचा माणूस पाहीपर्यंत उघडता येत नाही, आणि उघडायची असेल तर मालकाच्या मोबाईलवर ओटीपी येईल तो सांगा. तो नंबर अमरने पुण्याला जाण्याआधीच बंद केला. लोक ह्यांना फोन करत आणि मला उचलावा लागे, म्हणून.

मी म्हटले, मालक नाहीत. तिला वाटले गावाला गेले आहेत. हसून म्हणाली, मग सर आले की त्यांना घेऊन या ना मॅडम.

मग मॅनेजर आला. टाय लावलेला, नागपूरचा असावा. मी मृत्यूचा दाखला दाखवला. तो म्हणाला, दुःख आहे, पण मग वारसाचा दाखला आणा, गाडी नावावर करून घ्या, त्याशिवाय सिस्टीम सोडत नाही. पिशवीत काय आहे असे विचारले. मी म्हटले, घरचे सामान. तो म्हणाला, सामानाची जबाबदारी कंपनी घेत नाही, तसा बोर्ड लावला आहे. बोर्ड होता.

तुम्ही म्हणाल, तेव्हाच काहून सांगितलं नाही. तिथे पाच-सहा गिऱ्हाईक कॉफी पीत बसले होते. त्यांच्यासमोर माझे माणूस डिकीत आहे असे मला म्हणता आले नाही. आणि म्हटले असते तर त्यांनी ते कोणत्या हातांनी काढून कुठे ठेवले असते?

काचेतून मागचे आवार दिसते. गाडी एका कोपऱ्यात उन्हात उभी आहे. तिथे आणखी दहा-पंधरा शार्दूल तशाच उभ्या आहेत. काहींच्या चाकांतून गवत वर आले आहे. जाताना दारातल्या मुलीने हात जोडून पुन्हा या म्हटले.

तुमचा राग रास्त आहे. रागवा, पण माया तोडू नका.

निर्मला


सानगडी,
१५ मार्च

चि. निर्मलास आशीर्वाद.

रागावले नाही. काल धुळवड होती, पोरं रंग घेऊन आले तर दार लावून घेतलं आणि तुझं पत्र तीनदा वाचलं.

मंगळवारी सकाळी मी येऊन राहिले. स्टँडवर नाही, थेट त्या काचेच्या दुकानात येते. कामिनी मोटरसायकलवर आणून सोडणार आहे. डॉक्टर नाही म्हणतो, पण गुडघा माझा आहे, कंपनीचा नाही. तू इश्वरला टेम्पो घेऊन यायला सांग. शार्दूल आणायची नाही, दुसरं काहीही आण, बैलबंडी आण.

तू बोलणारी नाहीस, मले माहीत आहे. चाळीस वर्षांत तुझा आवाज मी माजघराच्या बाहेर ऐकला नाही. बोलायचं काम माझं. तू फक्त बाजूला उभी राह्य.

ललिता


लाखनी,
२२ मार्च

ती. ताईंना शि. सा. नमस्कार.

परवा कामिनीचा फोन आला होता. म्हणाली, घरी गेल्यापासून तुम्ही तिच्या मागे लागला आहात की निर्मला त्या टायवाल्याला असं काय बोलली ते मले ऐकू आलं नाही, पत्रात लिहून पाठवायला सांग. म्हणून लिहिते. बाकी सारे तुमच्यासमोर झाले आहे.

तुम्ही आल्या आल्या जे बोलायला लागलात ते तर रस्त्यावर चहावाल्याने ऐकले. तुम्ही म्हणालात की आमच्या भावानं तुमच्या गाड्या गावोगाव खपवल्या, त्याला तुम्ही कमिशन दिलं नाही, निदान दार तरी उघडा. मॅनेजर तुम्हाला हळू आवाजात उत्तर देत होता, ते तुम्हाला ऐकू येत नव्हते, म्हणून तुम्ही आणखी मोठ्याने बोलत होता. सगळे गिऱ्हाईक उठून उभे राहिले. इश्वर हसू दाबत होता. शेवटी मॅनेजरने माझ्याकडे वळून, आजींना समजावा, अशा अर्थाने हात केला आणि शनिवारी मी दाखवलेला दाखला विसरून त्या मुलीचेच वाक्य म्हणाला. मॅडम, आमच्या हातात काही नाही, मालकाला घेऊन या.

तेव्हा मी बोलले. फार मोठ्याने नाही. मी म्हटले, मालक दीड आठवड्यापासून तुमच्याच आवारात आहेत. मागच्या डिकीत, लाल फडक्यात बांधून ठेवले आहेत. अर्धे कारध्याला गेले, अर्धे इथे आहेत. तुमच्या सिस्टीमला त्यांनाच विचारू द्या. उत्तर आले की मला कळवा.

एवढेच. तुम्हाला वाटले असेल त्यापेक्षा कमीच आहे.

पुढचे तुम्ही पाहिले. टेबलाशी बसणारी मुलगी खुर्चीवरून उठली ती परत बसली नाही. मॅनेजरला आधी समजले नाही. समजले तेव्हा त्याने टायची गाठ सैल केली. आवारातला राखणदार आपल्याच भागातला, करडीकडचा. तो डोक्याला हात लावून म्हणाला की काहून आधी सांगितलं नाही बाई, मी रोज रात्री त्याच गाडीले टेकून बिडी पेऊन राहिलो! मग त्याने मॅनेजरला सांगितले की मयताची गाडी आवारात असताना तो आज रात्री कामावर येणार नाही, आणि उद्याही नाही. आतले मिस्त्रीही काम थांबवून बाहेर आले.

त्यानंतर ओटीपी कोणी मागितला नाही. वारसाचा दाखला नाही, वॉरंटी नाही, कंपनीचा माणूस नाही. मॅनेजर म्हणाला, घेऊन जा, लगेच घेऊन जा, सही नंतर करा. गाडी सुरू होत नव्हतीच. मॅनेजर, दोन मिस्त्री आणि राखणदार यांनी ढकलत ती फाटकाबाहेर आणली आणि तुम्ही भर रस्त्यात काठीने एकेकाला मोजून, चार गडी, बरोबर चार गडी, असे म्हणालात. मला त्या वेळी हसू आले. ह्यांच्या जाण्यानंतर प्रथमच आले, आणि तेही ह्यांच्या गाडीला. मग फार वाईट वाटले.

टेम्पोतून अंभोऱ्याला जाताना तुम्ही तांब्या मांडीवरून कोणाला घेऊ दिला नाहीत. पाण्यात सोडताना तुम्ही वाकून त्यात काय म्हणालात ते मला ऐकू आले नाही. ते मात्र मी विचारणार नाही.

गाडी इश्वरने दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टरला दोर बांधून लाखनीत आणली. ह्यांची गाडी दोराने ओढत आणलेली गावाने प्रथमच पाहिली. चौकात लोक उभे होते. ज्यांनी ह्यांच्या शब्दावर शार्दूल घेतली तेही त्यात होते. संध्याकाळी त्यांतले दोघे घरी आले, गाडीबद्दल एक शब्द बोलले नाहीत, ह्यांच्या फोटोला हात जोडून गेले. मला हीच भीती होती, ताई, की लोक ह्यांचे नाव कंपनीच्या नावासोबत घेतील. तसे झाले नाही.

आज कंपनीचा संदेश माझ्या मोबाईलवर आला. नंबर कोणी दिला माहीत नाही. आपल्या भेटीचा अनुभव कसा वाटला, पाचपैकी तारे द्या. मी दिले नाहीत. तेवढी मेहनत कोण करतो?

गुडघ्याला तेल लावा. उन्हाळ्यात तलाव आटतात, तुमचा लोभ आटू देऊ नका.

तुमची,
निर्मला

ता. क. गाडी अंगणात उभी आहे. अमर म्हणतो भंगारात दे, मी अजून काही ठरवले नाही. काल भिवापुरी मिरची आली. अंगणात दुपारनंतर सावली येते, फक्त बोनेटवर ऊन टिकते. हे त्यावर कधी कोणाला हातही टेकू देत नव्हते. आज त्यावर जुने लुगडे अंथरले आणि मिरच्या वाळत घातल्या. चार वाजता बाहेर जाऊन एकदा उलटवल्या.