पुसण्याआधी विचारावे

समता कॉलोनी, रायपूर

ती. पूर्णिमाताईस धाकट्या श्यामकांतचा नमस्कार. (साष्टांग घालणार होतो, पण कंबर म्हणाली, राहू दे.) तुझा गुडघा कसा आहे? तेल चोळतेस की नुसतीच त्याच्या नावानं ओरडतेस? भावजींना सांग, मी त्यांच्यावर अजून रागावलेलो आहे, कारण भेटीत सांगेन.

आमची चेतना तेलीबांध्याच्या ज्या ऑफिसात जाते, तिथं फोनमध्ये टिपणं ठेवायची सोय तयार करतात. त्यात एक एजंट असतो (विम्याचा नव्हे, कृत्रिम बुद्धीचा, हा चहा मागत नाही). आपण बोलायचं, त्यानं टिपून घ्यायचं, सांगितलं की पुसायचं. पुसायला त्याच्या हाती एक टूल दिलेलं असतं आणि ते कसं वापरायचं हे त्याला लिहून द्यावं लागतं. आमच्या पोट्टीनं एवढंच लिहून दिलं होतं : ‘हे टूल टिपण पुसतं.’ आणि तसंच ते आईच्या फोनमध्ये घालून दिलं.

ताई, तुला आजवर सांगितलं नाही, इंदूचं विसरणं हल्ली वाढलंय. डॉक्टर म्हणाले, महत्त्वाचं ते नोंदवत जा. म्हणून ती दार लोटून फोनशी बोलायची, आणि मी समजायचो की शेजारणीची उणीदुणी चालली आहेत. आता ती माझं नाव घेत नाही हे तू जाणतेसच. (लग्नातल्या उखाण्यातसुद्धा ‘यांचं’ म्हणून सटकली होती, तूच चिडली होतीस.) त्यामुळे माझ्याविषयीच्या प्रत्येक टिपणाचं नाव ‘यांचं’. मला वांगं सोसत नाही, उजव्या कानानं ऐकू येत नाही, राग आला की मी कुंड्यांना पाणी घालत सुटतो, असलं सगळं.

एके दिवशी माझा चष्मा दुरुस्त होऊन आला (त्याचंही टिपण ‘यांचं’च). तिनं एजंटाला सांगितलं, यांचं झालं, पुसून टाक. त्यानं ‘यांचं’ नावाची होती नव्हती तेवढी टिपणं पुसली, आणि काम झाल्याचं आनंदानं कळवलं. पुसलेलं परत येत नाही. इंदू ओट्याशी उभ्या उभ्या रडायला लागली. “म्या मायाच हातानं तुमाले पुसलं,” म्हणाली. मी म्हटलं, अगं, मी इथंच उभा आहे. तर म्हणते, “आज आहा ना उभे. मले उद्याचं भेव वाटते.” मी कुंड्यांना पाणी घातलं.

चेतना दोन दिवस जेवली नाही, मग त्या टूलची सूचना नव्यानं लिहायला बसली. मी जन्मभर रेल्वेत परिपत्रकं काढलेला माणूस, मी कसा मागे राहीन? लिहून दिलं : ‘संबंधितांच्या संमतीने अनावश्यक टिपणांबाबत यथोचित कार्यवाही व्हावी.’ एजंटानं संबंधित म्हणून स्वतःलाच धरलं, स्वतःची संमती घेतली आणि चाचणीसाठी ठेवलेली सगळी टिपणं साफ केली. (आमच्या खात्यात त्याला बढती मिळाली असती.) चेतना म्हणाली, “बाबा, वो बात मानता है, पर घर में नया है. क्या नहीं करना, वो भी बताना पड़ता है.”

मग आम्ही बापलेकीनं मिळून साधं लिहिलं. हे टूल एकच टिपण कायमचं पुसतं, ते परत आणता येत नाही. दुरुस्तीसाठी किंवा टिपण नुसतं बाजूला ठेवायला हे वापरू नये. याला टिपणाचा क्रमांक लागतो, नाव पुरत नाही. एकाच नावाची अनेक असतील तर थांबावं, मालकाला वाचून दाखवावं आणि तो हो म्हणाला तरच पुसावं. क्रमांक सापडला नाही तर तसं सांगावं, अंदाजानं दुसरं पुसू नये. आता तो इतकं विचारतो की इंदू त्याच्यावरच खेकसते. मला ते ऐकून फार बरं वाटतं.

चेतनाचा नमस्कार. प्रकृतीला जप.

तुझा
श्यामकांत

ता. क. : पुसलेली टिपणं पुन्हा भरायची आहेत. मी सांगायला बसलो तर इंदूनं फोन उलटा ठेवला. “तुमचं तुमाले काय माहीत?” म्हणाली. तिचंही खरं आहे. मला दात यायच्या आधीपासून तू मला ओळखतेस. पंधरा दिवस येऊन तिच्याजवळ बसशील का? लोणचं घालायला आलीस असं सांगू.

आणखी एक : मी तुला कळवलंय हे तिला ठाऊक नाही. तेच ते पुन्हा विचारलं तर पहिल्यांदाच विचारल्यासारखं उत्तर दे. जुनं काही निघालं तर सरळ सांगून टाक, ‘आठवतं का?’ असं विचारू नको. ती लगेच हो म्हणते, ताई, आणि तिला आठवत नसतं.