शेवटच्या दाराची उंची

कास्तेल्लारो, १२ नोव्हेंबर १६१३

प्रिय जिनेव्रा,

आम्ही सगळे बरे आहोत, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिते. काल संत मार्टिनचा सण झाला. हंस भाजला, नव्या वाइनचं पिंप फोडलं. बाबांना घासभरही गेलं नाही. मठात तुमच्या वाट्याला हंस येतो का गं?

नाटकघर आठवतं ना? बाबांनी रंगमंचाच्या मागे बांधलेला तो लाकडी रस्ता? होता पंधरा पावलांचा, पण जमीन चढत आणि घरं आखडत गेलेली, त्यामुळे बाकांवरून अर्धा कोस लांब दिसायचा. त्या टोकाला मोठं माणूस उभं राहिलं की राक्षसच दिसणार, म्हणून बाबांनी शेवटच्या दारापाशी आपल्या दोघींना मापलं. तू नेमकी बसलीस, मी बोटभर जास्त भरले; काम तुला मिळालं. "ओर्सोला, तू मोठी झालीस," बाबा कौतुकाने म्हणाले. मला मात्र झोंबलं.

तालमीत तू रेशमी झगा घालून, पंखा हलवत त्या दारातून आलीस की खरंच दूरवरून कुणी बाई येतेय असं वाटायचं. बाबांचे डोळे भरून यायचे. काय दिवस होते ते! सगळीकडे भुसा, सरसाचा वास, आणि तुझ्या सारख्या शिंका.

पहिल्या प्रयोगाला तू आईच्या वीतभर उंच खडावा घालून आलीस. डोकं माडीच्या खिडकीला लागलं. आधी एक जण हसला, मग सगळं नाटकघर. अर्ध्या कोसाची पुन्हा पंधरा पावलं झाली. बाबा तुझ्याशी बोलेनासे झाले आणि वर्षभरात तुला मठात धाडलं.

पोरीला नटायची भारी हौस, असंच मी सगळ्यांना सांगत आले. जिनेव्रा, खडावा मी दिल्या होत्या. "मोठ्या घरच्या बायका अशाच चालतात, वेडे," असं म्हणून मीच तुझ्या पायात चढवल्या. तू माझं नाव कधीच सांगितलं नाहीस.

काल बाबांना सगळं सांगितलं. त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. तसंच विचारलं, "आता तिची उंची किती असेल?" मला सांगता येईना.

तुला मठाबाहेर पडता येत नाही, ठाऊक आहे. तुझ्या उंचीएवढा एक दोरा कापून पाठव. लवकर पाठव, वैद्य बाबांची नाताळपर्यंतचीही खात्री देत नाही. माझ्यावर राग असेल तर एक अक्षरही लिहू नकोस, नुसता दोरा पाठव.

तुझ्याहून बोटभर जास्त भरलेली,
ओर्सोला