चाळीस जणांचा भात

४ फेब्रुवारी १९७३, रविवार

'आदरणीय कॅप्टन प्रभाकर यांस' – एकूणएक पत्राची सुरुवात हीच. कोण हा कॅप्टन? मी कादंबरीखाली फक्त 'प्रभा' असं लिहून पाठवलं होतं. संपादकांनी आपल्या मनाने त्याला 'कर' जोडला आणि वर कॅप्टन लावला. जाब विचारला तर म्हणाले, "पलटणीची कादंबरी, तीही मंगळावरची, तीही विनोदी. बाईच्या नावावर कोण वाचणार?" हप्ते छापून येत राहिले आणि मी गप्प बसले. खोटेपणात मीही सामील आहे. ते कळतं, म्हणून जास्त राग येतो.

आज त्यांनी वाचकांच्या पत्रांचं पुडकंच पाठवलं. वर चिठ्ठी – 'मंगळावरची बिनकामाची पलटण गाजली आहे. पुस्तक काढू. आक्षेपांना एक खुसखुशीत उत्तर लिहून द्या.'

खुसखुशीत! म्हणजे शिव्या खाऊन चकल्या तळायच्या.

एक प्राध्यापक लिहितात, मंगळावर हवेचा दाब कमी, तिथे भात शिजणारच नाही, लेखकाने शास्त्राचं प्राथमिक पुस्तक वाचावं. अहो, दुसऱ्या हप्त्यात प्रेशर कुकर आहे! तो मी तीन पुस्तकं चाळून, घाबरत घाबरत घातला होता. यांनी दुसरा हप्ता वाचलाच नाही, पण पत्र मात्र पाठपोट.

एक बाई म्हणतात, 'मुडद्या' हा शब्द आमच्या घरात मुलींच्या कानांवर पडू देत नाही. आमच्या घरात आई लाडाने हाक मारते ती याच शब्दाने.

आणि एक गृहस्थ. 'कॅप्टनसाहेबांनी शिपाईगड्यांची ही गावकुसाबाहेरची भाषा इतकी हुबेहूब कुठे ऐकली असेल, याचे नवल वाटते.'

जेवताना ऐकली. आमच्या घरी. चुलीसमोर.

पत्र फाडणार होते. फाडलं नाही. दुसऱ्याचं आहे.

५ फेब्रुवारी

जयसिंग आकुर्डीहून कंपनीतून आला तो दारातच टाचा जुळवून उभा. "कॅप्टनसाब, जय हिंद. चहा मिळंल का, का आधी परेड?" धाकटा भाऊ म्हणून सोडला. घरात हे फक्त त्याला माहीत आहे. आईला नाही, अण्णांना नाही.

७ फेब्रुवारी

अण्णांना सांगायला हवं होतं. लिहिण्याआधीच विचारायला हवं होतं.

मला अक्षरं अण्णांनी शिकवली. शाळा नंतर आली. ते पलटणीतून रजेवर आले की नवा धडा, परत गेले की आईकडे उजळणी – आईलाही त्यांनीच शिकवलेलं. पहिल्या धड्याच्याही आधीचा धडा असा की दुसऱ्याची वस्तू विचारल्याशिवाय घ्यायची नाही. आणि मी घेतली काय? त्यांचीच गोष्ट. सबंध.

भाताची गोष्ट. बासष्टच्या लढाईनंतर अण्णा घरी आले तेव्हा मी दहा वर्षांची, जयसिंग आठ. बर्फातल्या चौकीवर भिवा नावाचा लांगरी – पलटणीच्या स्वयंपाक्याला लांगरी म्हणतात – रोज चाळीस जणांचा भात शिजवायचा. आणि खाणारे नऊ! एकेकाला चार-चार जणांचं जेवायला लागायचं. अण्णा गाल फुगवून, पोट पुढे काढून, बदकासारखे चालून दाखवायचे. "पोट इतकं भरल्यालं की पळायलाच येईना. म्हणून तर आमी जागा सोडली न्हाई." आम्ही लोळायचो हसून. रोज म्हणायचो, अण्णा, भाताची गोष्ट. रोज सांगायचे.

मी तीच मंगळावर नेली. भिवाचा भिकू केला. पृथ्वीवरचे लोक विसरून गेलेली चौकी, नऊ शिपाई, आणि भिकू लांगरी – कमी शिजवायचा लेखी हुकूम आला नाही म्हणून चाळीस जणांचाच भात लावणारा. शत्रू चालून येतो तेव्हा कुणालाच पळता येत नाही, म्हणून ही पलटण लढाई जिंकते. सगळ्यांना आवडतं ते हेच प्रकरण. ज्यांना आवडत नाही त्यांनाही खुपतं ते हेच.

११ फेब्रुवारी, रविवार

उशीर झाला आहे. पण आजचं आजच लिहिणार.

आमच्या कामगार वाचनालयात आज कादंबरीवर चर्चा ठेवली होती. सुमनताईंची कल्पना. त्या ग्रंथपाल, मी त्यांची मदतनीस. त्यांना काही माहीत नाही. म्हणाल्या, "प्रभावती, तुझं अक्षर चांगलं. कोण काय बोललं ते सगळं लिहून घे. आपल्या मनाचं काही घालू नकोस." म्हणजे माझीच निंदा मीच, सुवाच्य अक्षरात!

पहिले उठले अर्जुनराव. मोठ्या कंपनीत हेडक्लार्क, खिशाला दोन पेनं. "विनोदाला दर्जा हवा. हा विनोद पोटाचा आहे, डोक्याचा नव्हे." जणू पोट वाचकाला नसतंच. पुढे म्हणाले, "नुकतीच आपण एक लढाई जिंकली. अशा वेळी जवानांना खादाड दाखवणं शोभत नाही." मी लिहून घेतलं. 'शोभत नाही' खाली रेघ ओढावीशी वाटली, ओढली नाही.

मग सयाजी फिटर. तो उठला की आधीच हशा. "अर्जुनराव, तुमच्या खात्यात चाळीस जणांचं काम नऊ जण करत्यात. मग चाळीस जणांचा भात नऊ जणांनी खाल्ला तर काय बिघडलं राव?" मला त्याला चहा पाजावासा वाटला.

सगळं ठीक चाललं होतं. मागच्या बाकावर ज्योतीराम बसला होता – लष्करातून पेन्शनीत आलेला, आता एका कंपनीच्या गेटवर. आपल्या पट्ट्यात गेटावर असतात ते बहुतेक असेच, आमच्या अण्णांसारखे जुने फौजी. सबंध चर्चेत हा एकदाही हसला नाही. हाताची घडी, समोर नजर. सुमनताईंनी विचारलं, "ज्योतीरामभाऊ, तुम्ही तर फौजेतले. तुमचं मत सांगा." उठला. एवढंच म्हणाला –

"भात चाळिसांचा. खाणारे नऊ. बाकीचे कुठं गेले, ते लिहिल्यालं न्हाई."

बस्स! एवढी चार महिने जीव ओतून लिहिलेली कादंबरी, आणि याला हजेरीपट हवा. मी रागाने लाल झाले. ही गोष्ट माझ्या बापाची आहे, बर्फातून आणलेली, असं ओरडून सांगावंसं वाटलं. सांगता येत नव्हतं, म्हणून राग दुप्पट.

सयाजी म्हणाला, "सासुरवाडीला गेले असतील की, भाऊ!"

सगळी खोली हसली. सगळ्यात मोठ्याने मी. ज्योतीरामने एकदा माझ्याकडे पाहिलं. टोपी घातली आणि चहा न घेता गेला.

जाऊ दे. ज्याला विनोद कळत नाही त्याने विनोदी कादंबरीच्या चर्चेला यावं कशाला?

१२ फेब्रुवारी

उत्तर लिहून झालं. एका बैठकीत. रागाने लिहिलं की खाडाखोड होत नाही.

प्राध्यापकांना प्रेशर कुकर दाखवला. बाईंना सांगितलं की 'मुडदा' शब्दाने मुली बिघडत नाहीत, त्यांना उत्तरं देता येऊ लागतात. अर्जुनरावांना पोटाचं महत्त्व. आणि शेवटी – 'एका चिकित्सक वाचकाने विचारले आहे की उरलेले एकतीस जवान कुठे गेले. त्यांना कळवण्यास आनंद वाटतो की ते सर्व सासुरवाडीला जेवायला गेले असून, आग्रह फार झाल्याने अद्याप परतलेले नाहीत.'

वाक्य सयाजीचं आहे, पण पुढचा अर्धा भाग माझा. ही नोंद प्रामाणिकपणासाठी.

१५ फेब्रुवारी

लोकलने पुण्याला जाऊन उत्तर स्वतः दिलं. संपादक सासुरवाडीशी पोहोचले आणि टेबलावर थाप मारून हसले. "पुढच्या अंकात छापू, आणि पुस्तकाच्या सुरुवातीलाही हेच घालू."

तिथेच सांगितलं – पुस्तकावर कॅप्टन नको. प्रभावती धोंडीबा ओव्हाळ, हेच नाव. आणि पहिल्या पानावर, की ही गोष्ट माझ्या वडिलांची आहे.

चष्मा काढून पुसत म्हणाले, "आडनावाचं... बघा हं, म्हणजे मला काही नाही. वाचक कसे असतात, तुम्ही पत्रं वाचलीतच."

"वाचली. म्हणूनच म्हणते."

"बरं. पण वडिलांची लेखी संमती आणा. मागाहून तक्रार नको."

येताना खिडकीपाशी उभी राहिले होते. दापोडी, कासारवाडी कधी गेलं कळलं नाही. मला काही नाही म्हणे! ज्याला काही नसतं तो चष्मा पुसत नाही.

१८ फेब्रुवारी, रविवार

विचारलं नाही. अण्णा गेटवरून आले, बूट पुसले, पेपर वाचला, झोपले. मी चार वेळा पाणी नेऊन दिलं. आई म्हणाली, "त्यास्नी काय ताप आलाय का?"

२१ फेब्रुवारी

आज विचारायचंच असं ठरवलं. समोर जाऊन बसले. अण्णा म्हणाले, "काय गं?" म्हटलं, "काही नाही." माझ्यासारखी भित्री बाई मंगळावर पलटण पाठवते!

हसतील बहुधा. पुन्हा गाल फुगवून चालून दाखवतील. मग मी भिते कशाला?

२६ फेब्रुवारी

ज्योतीरामने वाचनालयाचं पुस्तक परत केलं. दुसरं नेलं नाही. मी मुद्दाम म्हटलं, "काय भाऊ, विनोदी आणखी आहे, देऊ का?" म्हणाला, "न्हाई ताई. बास झालं."

मला टोमणा मारायचा होता, आणि तोच मारून गेल्यासारखं वाटलं. दिवसभर चिडचिड.

१ मार्च

अंक आला. जयसिंगने कँपातून आणला आणि जेवताना ताटाशेजारी उघडून मोठ्याने वाचायला लागला. मी डोळ्यांनी खुणा करते आहे, तो बघतच नाही. प्रेशर कुकर वाचला, आई हसली. 'मुडदा' वाचला, आई आणखी हसली – "ह्यो कापटन आपल्याच गावचा दिसतोय की." अण्णा भाकरी मोडत होते. तेही गालात हसले.

मग चाळीस जणांचा भात आला. अण्णांचा हात थांबला.

मग सासुरवाडी.

"पुन्यांदा वाच," अण्णा म्हणाले.

जयसिंगने वाचलं. या वेळी हळू.

"कुनी लिवलंय?"

जयसिंगने माझ्याकडे पाहिलं. आणखी काय सांगायचं राहिलं? अण्णांनी ताटात हात धुतला. भाकरी अर्धी तशीच. मी त्यांना अन्न टाकून उठलेलं आजवर पाहिलेलं नाही.

निदान ओरडायचं तरी. चोर म्हणायचं. मी ऐकून घेतलं असतं. ड्युटीची वेळ नसताना गणवेश चढवून बाहेर गेले. मला त्यांचा राग आला. हो, आला. न विचारता घेतली, कबूल. पण गोष्ट हसण्याचीच होती ना? त्यांनीच हसवलं ना? मग सगळ्या जगाला हसवलं तर काय गुन्हा केला?

२ मार्च

बोलत नाहीत.

३ मार्च

आईने विचारलं, "काय लिवलंस तू असं?" मी म्हटलं, "भाताची गोष्ट." ती माझ्याकडे बघत राहिली. म्हणाली, "तुला कुनी सांगितलंच न्हाई व्हय?" आणि चुलीकडे वळली. या घरात सगळ्यांनी मला छळायचं ठरवलं आहे.

४ मार्च, रविवार

अण्णा आज बोलले. दारात बसून बूट काढत होते.

मी म्हटलं, "न विचारता घेतली. चुकलं माझं."

"गोष्टीचं काय, ती तुमच्यासाठीच केली व्हती. तुमी ल्हान. काय तरी सांगाया पायजे व्हतं." मग बराच वेळ नाडी सोडवत राहिले. "सासुरवाडीला न्हाई गेलं कुनी. तिथंच हायत."

मी उंबऱ्यापाशी त्यांच्याजवळ बसले.

"सकाळी चाळीस व्हतो. दुपारी नऊ. भिवा खालच्या अंगाला चुलीपाशी, त्याला काय ठावं? घिऊन आला भात. दुसऱ्या दिशी ठावं व्हतं. तरी चाळिसांचाच लावला. कुनी त्याला न्हाई म्हनलं न्हाई."

"आणि तुम्ही सगळा खाल्लात?"

"त्यांच्या वाटचा भात, पोरी. टाकायचा कसा?"